माझ्या वाटणीचा तुकडा

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाची भाकर मी करते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पौडला एका खताच्या दुकानाच्या वरच्या खोलीत आम्ही पंचवीस-तीस माणसं जमतो, ख्रिस्ताच्या आठवणीत ती भाकर मोडून खातो आणि द्राक्षरसाचा घोट घेतो. हे काम मला कुणी नेमून दिलेलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आधीच्या बाई आजारी पडल्या म्हणून एकदा मी केली आणि मग ती माझीच झाली. मीही नंतर कुणाला हात लावू दिला नाही. तर गेल्या पावसाळ्यात असं झालं, की भाकर मी केली, ताट घेऊन सगळ्या बायकांना वाटली, आणि स्वतः खाल्ली नाही. एकदा नाही, दोनदा. कारण विचाराल तर माझी जाऊ.

भाकर म्हणजे ज्वारीची नव्हे. शास्त्रात भाकर म्हटलंय म्हणून आम्ही भाकर म्हणतो. असते ती गव्हाची, बिनमिठाची, जाडसर पोळी. शनिवारी दुपारनंतर मी ती करते, आणि त्या दिवशी सकाळपासून पोटात काही घेत नाही. तवा वेगळा, कालथा वेगळा, पीठही वेगळ्या डब्यात. हे कुठल्याही पाळकानं सांगितलेलं नाही, माझं मीच ठरवलं. आमच्या वाडीतल्या आयाबाया सोवळ्यानं नैवेद्य करतात, मग आपल्या देवाचं का गबाळं करायचं, असं मला वाटायचं. सासूबाई ओट्यावर बसून म्हणायच्या, "खा गं चार घास. देवाला तुझ्या आतड्याशी काय करायचंय?" मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

सासरे शाळामास्तर होते. नगरकडून बदली होऊन कोळवण खोऱ्यात आले, नदीच्या अंगाला दोन खाचरं घेतली आणि इथलेच झाले. वाडीत ख्रिस्ती घर आमचं एकच. मीही नगरकडचीच, आजा-पणज्यापासून ख्रिस्ती घरातली. आमच्याकडे रविवारच्या शाळेत वचनांच्या पाठांतराची स्पर्धा व्हायची. मी सातवीत असताना विषय होता देवाची कृपा. ती कमावता येत नाही, माणसाच्या कामानं मिळत नाही, ते फुकटचं दान आहे, अशा अर्थाची जेवढी वचनं आहेत तेवढी मी अध्यायासकट घडाघडा म्हटली आणि पहिला नंबर काढला. वडील रोज पहाटे उठवून पाठ करून घ्यायचे, आणि एक शब्द चुकला की त्या दिवशी चहा बंद. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला, वर नाव कोरलेला. प्रभुभोजनाच्या भाकरीचं पीठ मी त्याच डब्यात ठेवते.

ही गोष्ट मी एकदा कौतुकानं जावेला सांगितली, तर ती पोट धरून हसायला लागली. म्हणाली, "म्हणजे फुकट मिळतं हे पाठ करून तुम्ही बक्षीस कमावलंत, ताई?" मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. मी उठून गेले.

जाऊ बावधनची. आईवडील लातूरकडून आलेले, वडील कुठल्याशा कंपनीच्या ऑफिसात. माझा धाकटा दीर आयटीवाल्यांची माणसं नेण्या-आणण्याच्या गाडीवर आहे, त्यात त्या दोघांचं जमलं. ती लग्न करून आली तेव्हा तिला ना जुना करार माहीत ना नवा. खोऱ्यातल्या एका फार्महाउसचं बुकिंग ती घरबसल्या फोनवर घेते, दिवसभर खिदळत असते, आणि तांदूळ निवडताना निम्मे खडे तसेच ठेवते. सासूबाईंना ते खडे लागत नाहीत. मी निवडलेल्या तांदळात एक खडा निघाला तर कवळी काढून दाखवतात.

प्रभूकडे यायचं तिनंच ठरवलं. मी म्हटलं, ठीक आहे, आता कळेल. आम्हाला मंडळीत घेण्याआधी वर्षभर शिकवणी असायची. दहा आज्ञा, मतांगीकार म्हणजे विश्वासाची कबुली, स्तोत्रं, सगळं तोंडपाठ. पाळकसाहेब छडी घेऊन बसायचे. आमचे आताचे पाळकसाहेब तरुण आहेत, बावधनहून मोटारसायकलवर येतात. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यांनी तिला नदीवर सगळ्यांसमोर एकच प्रश्न विचारला, की ख्रिस्तानं तुझ्यासाठी काय केलं. ती म्हणाली, "सगळं मला सांगता यायचं नाही. पण मी काहीच केलं नव्हतं, तरी त्यानं केलं." सगळी माणसं आमेन म्हणाली. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसले. मी मनात म्हटलं, झालं? एवढंच? एका वाक्यावर पास? आणि वर पाण्यातून बाहेर येताना शेवाळावर पाय घसरून ही हसतेय, आणि तिच्याबरोबर पाळकसाहेबही हसतायत.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच, असं मला तेव्हापासून वाटायला लागलं.

तिची प्रार्थना ऐकलीत तर तुम्हीही चाट पडाल. गुडघे टेकणं नाही, डोळे मिटणं नाही. दूध गॅसवर ठेवून अंगणात फोनवर बोलायला जाते आणि जाताना म्हणते, "देवा, बघ हं जरा." आणि ते दूध उतू जात नाही. मी समोर उभी असले तरी माझं जातं. माझ्या गुडघ्यांना घट्टे पडलेत. ते मी कुणाला दाखवत नाही, पण आहेत.

पण ह्या सगळ्यापायी मी भाकर सोडली नसती. भाकर सुटली ती नवऱ्यापायी.

माझा नवरा पिरंगुटला कारखान्यात पाळीवर जातो. माणूस वाईट नाही, हट्टी आहे. मंडळीत खुर्च्या आणायच्या की सतरंजीवरच बसायचं ह्यावरून एकदा त्याचा कुणाशी वाद झाला, आणि त्यानं यायचं बंद केलं. आता खुर्च्याही आल्या, वाद घालणारा माणूसही चाकणला राहायला गेला, पण हा आला नाही. किती वर्षं मी दर शुक्रवारी त्याच्यासाठी उपास धरला. प्रभू, ह्याचं मन वळव, मी काहीही करीन, असं म्हणत गुडघ्यावर रडले. त्याला समजावलं, त्याच्याशी भांडले, अबोला धरला. तो म्हणायचा, "तू जातेस ना दोघांच्या वाटचं?" आणि गळ घेऊन नदीवर जायचा.

जूनच्या पहिल्या रविवारी दीर गाडी काढत होता, सासूबाई पुढे बसल्या होत्या, मी मागे मांडीवर भाकरीचं ताट घेऊन. जाऊ दार उघडता उघडता अंगणात वळली आणि माझ्या नवऱ्याला म्हणाली, "दादा, चला ना. गाडीत एक जागा उगाच मोकळी जाते." तो दाढी करत होता. त्यानं गालावरचा फेस पुसला, आत जाऊन शर्ट बदलला आणि माझ्या शेजारी येऊन बसला.

मी आनंदानं रडायला पाहिजे होतं. सासूबाई रडल्या. पौड येईपर्यंत मी बाहेर बघत राहिले. माझ्या सगळ्या शुक्रवारांचं काय झालं? ते कुठे गेले? बोलेल त्याची बोरं विकतात हे मला माहीत आहे, पण देवाच्या दारीही तसंच चालत असेल तर मी एवढी वर्षं तोंड बांधून कशाला राबले? जागा मोकळी जाते, एवढ्या बोलण्यावर हा माणूस आला. आणि देवाला त्याला आणायचंच होतं तर माझ्या हातून आणायचं. माझी प्रार्थना, माझा उपास, आणि नाव हिचं.

आमच्याकडे भाकर वाटायच्या आधी पाळकसाहेब दर वेळी सांगतात, की कुणाच्या मनात कुणाविषयी अढी असेल तर त्यानं आधी ती मिटवावी आणि मग मेजाशी यावं. जुनी माणसं हे फार पाळतात. माझे वडील एकदा शेजाऱ्याशी बांधावरून भांडले होते तर त्यांनी समेट होईतो भाकरीला हात लावला नव्हता, आणि सगळं गाव बघत होतं. पण मी तर ताट घेऊन फिरणारी. ताट वाटणाऱ्याचं तोंड कोण बघतं? पुरुषांच्या बाजूला नवऱ्यानं तुकडा उचलून तोंडात घातला तेवढा मी पाहिला. मग माझ्या बाजूच्या सगळ्या बायका झाल्या, ताटात माझा तुकडा राहिला, आणि माझा हात उचलेना. मी ताट तसंच मेजावर नेऊन ठेवलं. उरलेलं पाळकसाहेब नेहमीच संपवतात. तोही त्यांनी खाल्ला.

आता तुम्ही म्हणाल, मग मिटवायचं. अहो, मी कमी का धडपडले? शुक्रवारला बुधवार जोडला. मी उपाशी आणि ही चुलीशी कांदा घालून अंड्याची पोळी करणार, वर "ताई, थोडी खाता?" म्हणून विचारणार. माझी नवी पैठणी काठांची साडी तिला दिली. तिनं ती नेसून सगळ्या वाडीला दाखवली आणि माझ्यापेक्षा तिला चांगली दिसली. तिच्यासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करायची ठरवली. पहिलं वाक्य बरं जायचं, दुसऱ्या वाक्यापासून मी देवाकडे तिच्या तक्रारी सांगत बसायचे. एकदा तर मी सरळ तिच्याकडे गेले. म्हटलं, बोलून मोकळी होते. ती फोनवर कुणाला तरी खोल्या किती आहेत ते सांगत होती. तिनं मला बघून फोन ठेवला, माझा हात धरला आणि म्हणाली, "ताई, तुम्ही किती करता हो सगळ्यांचं." मी आल्या पावली परत फिरले.

जुलैच्या पहिल्या रविवारीही माझा तुकडा ताटात राहिला. त्या दिवशी पाळकसाहेबांनी कृपेवर प्रवचन दिलं. सगळ्यांत मोठ्यानं आमेन मी म्हटलं. नवरा खुर्चीवर बसून ऐकत होता. आता तो दर रविवारी येत होता, आणि गाडीत जावेच्या विनोदांना हसत होता.

पुढे लावणी आली. आमच्या खोऱ्यात भाताची लावणी सावडीनं होते. म्हणजे आज सगळ्याजणी तुझ्या खाचरात, उद्या सगळ्याजणी माझ्या. मजुरी नाही. तू माझ्याकडे जितके दिवस वाकलीस तितके दिवस मी तुझ्याकडे वाकायचं. मला ही पद्धत फार आवडते. ह्यात कुणी कुणाचं मिंधं राहत नाही. आमच्या सावडीत मी कधी कुणाचा दिवस अंगावर ठेवलेला नाही. ताप असला तरी गेले आहे. जाऊही यायची, पण तिची ओळ वाकडी, आणि अर्धा वेळ गप्पा.

त्या वर्षी आमचं रोप आधी तयार झालं म्हणून लावणीची सुरुवात आमच्याच खाचरांपासून ठरली होती. आदल्या दिवशी मी बांध बघायला गेले, पाय सटकला आणि उजव्या हातावर पडले. मनगट मोडलं. पौडला प्लास्टर घातलं, कोपरापर्यंत. घरी आल्यावर मला पहिला विचार लावणीचा आला. आणि दुसरा, खरं सांगते, पहिल्या रविवारच्या भाकरीचा.

मी नवऱ्याला सांगितलं, सावडीतल्या बायकांना निरोप दे, येऊ नका म्हणावं. ह्या सालात मला तुमचे दिवस फेडता यायचे नाहीत, आम्ही मजूर बघू. मजूर कुठे मिळणार होते म्हणा, ते सगळे बांधकामांवर.

सकाळी उठून बघते तर सगळ्या बायका खाचरात. प्लॅस्टिकच्या खोळी पांघरलेल्या, गुडघाभर चिखलात, आणि मधोमध माझी जाऊ, काहीतरी सांगतेय आणि सगळ्या हसतायत. मी बांधावर जाऊन उभी राहिले, हात गळ्यात बांधलेला. मला असं वाटलं, की ह्या माझ्यासाठी आलेल्या नाहीत. हिनं रात्रीतून फोन केले असतील, हिच्या शब्दावर आल्या. जन्मभर मी ह्यांच्या चिखलात वाकले ते गेलं वाहून.

आमच्या शेजारची म्हातारी, सावडीत सगळ्यांत थोरली, माझ्या जवळून लावत चालली होती. मी तिला म्हटलं, "तिनं बोलावलं म्हणून आलात ना?"

"कुनी?" ती वाकूनच म्हणाली. "कुनी न्हाई बोलावलं. रोप पिवळं पडाय लागलंय, दिसत न्हाई व्हय तुला? तुजा हात बरा व्हईस्तोवर ते थांबतंय का?"

"मी तुमचे दिवस फेडीन. पुढच्या वर्षी दुप्पट येईन."

"पुडच्या साली कोन हाय न् कोन न्हाई." तिनं मूठभर रोप सोडवलं. "तू लई हिशेबी हाईस बाय. हितं हुबी राहून पाय नको गारठवू. घरला जा, च्या ठेव डाव्या हातानं."

मी गेले. चहा ठेवला. तो उतू गेला. सगळ्या बायका माझ्या अंगणात बसून चहा प्यायल्या, आणि मी त्यांचं काही देणं लागते असं कुणालाही वाटत नव्हतं. मी मात्र माझा कप न पिताच खाली ठेवला. फुकटचं घेणं इतकं जड असतं, हे मला कुठल्या वचनात सापडलं नव्हतं. आणि जाऊ त्यांच्यात बसून पायाचा चिखल दगडानं खरवडत होती, जशी काही जन्मल्यापासून वाडीतलीच.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी पाळकसाहेबांचा फोन आला. म्हणाले, "तुमचा हात बरा होईपर्यंत भाकर तुमच्या जाऊबाई करतील. ताटही त्याच वाटतील. चालेल ना?" मी म्हटलं, चालेल. न चालून करते काय.

ती करायला बसली, मी पाटावर बसून बघत होते. तिनं दुपारी पोटभर मिसळ खाल्ली होती. मी म्हटलं, "आज उपास धरतात."

"नको ताई, उपाशी राहिले की माझे हात थरथरतात." आणि फळीवरच्या स्टीलच्या डब्याला हात घातला.

"तो नको," मी म्हटलं. "त्यातलं पीठ संपलंय."

पीठ भरपूर होतं. तिनं रोजच्या डब्यातलं घेतलं. कानात गाणं लावलं, रोजच्या तव्यावर भाजली, एका बाजूला करपवली, आणि उंड्यातला चिमूटभर तुकडा तोंडात टाकून बघितला. मी ते सगळं मुकाट बघितलं. मला वाटत होतं, उद्या लोकांना फरक कळेल. कळू दे. एवढंच मी धरून बसले होते.

रविवारी मी पहिल्यांदाच ताट न घेता बायकांच्या ओळीत बसले. पाळकसाहेबांनी अढीचं सांगितलं. मी मान खाली घातली. माझी अढी होती तशीच होती, उलट आता तिला नवे कोंब फुटले होते. आणि आज तुकडा ताटात ठेवून पुढे जायची सोय नव्हती. आज सगळ्यांसमोर नको म्हणावं लागणार होतं. मग लोक विचारणार. नवरा विचारणार. हिच्या हातची भाकर म्हणून नको म्हणाली, हे दोन मिनिटांत खालच्या खताच्या दुकानापर्यंत गेलं असतं.

मग मला माझं प्लास्टर दिसलं, आणि बरं वाटलं. आमच्यात डाव्या हातानं कुणी भाकर घेत नाही. चूक आहे असं कुठे लिहिलेलं नाही, पण लहानपणापासून हाताला माहीतच नाही. आमच्याकडेही नाही आणि वाडीत प्रसादालाही नाही. म्हटलं, ताट आलं की प्लास्टर दाखवायचं आणि मान हलवायची. कुणाला काही वाटणार नाही, सुटले.

ती एकेकीसमोर वाकत वाकत आली. साडी माझीच नेसली होती. माझ्यासमोर ताट धरलं. मी प्लास्टर जरा वर उचललं आणि मान हलवली.

तिनं ताट डाव्या तळहातावर तोललं, उजव्या हातानं ताटाच्या कडेला ठेवलेला एक तुकडा उचलला आणि माझ्या तोंडाशी आणला. हळूच म्हणाली, "आ करा, ताई."

असं कुणी करत नाही. लहान पोराला भरवतात तसं, भर उपासनेत. सगळ्या बायका बघत होत्या. मला नको म्हणायचं होतं, मी नको म्हणायला तोंड उघडलं, आणि तिनं तुकडा आत घातला.

मोठा होता. करपलेला होता. त्यात मीठ होतं. चावायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ मला तिथून उठता येत नव्हतं, थुंकता येत नव्हतं, काही बोलताही येत नव्हतं. मी मत्सरानं तुडुंब भरलेली होते, नखापासून केसापर्यंत. उपास नव्हता, समेट नव्हता, गुडघे टेकलेले नव्हते. काहीही तयारी नसताना ती भाकर माझ्या पोटात गेली. माझे डोळे भरून आले ते मी रोखायचा प्रयत्न केला, तोही जमला नाही.

उपासनेनंतर ती मागच्या मोरीत ताट घासत होती. मी तिच्यामागे जाऊन उभी राहिले.

"घास मोठा झाला का हो?" तिनं विचारलं.

"झाला. आणि मीठ कुणी सांगितलं होतं घालायला?"

"सवयीनं पडलं," ती म्हणाली. "मोठा मात्र मुद्दाम कापला. मागच्या दोन्ही वेळी तुम्ही खाल्लीच नाहीत. मी बघत होते. म्हटलं, सगळ्यांना वाटता वाटता तुमच्यापर्यंत येईतो संपत असेल. म्हणून आज आधी तुमचा काढून कडेला ठेवला."

इतकी वर्षं मी ताट घेऊन फिरतेय. माझं तोंड हिनं बघितलं होतं. खोटं बोलायला खूप सोपं होतं, पण तोंडात अजून मिठाची चव होती.

"संपत नव्हती," मी म्हटलं. "उरायची. मीच खात नव्हते."

"का?"

"तुझ्यामुळे. तुझ्याबद्दल माझ्या मनात अढी आहे. तू आल्यापासून आहे."

नळ वाहत होता. तिनं तो बंद केला. ती हसत नव्हती, आणि तिला तसं मी पहिल्यांदाच बघितलं.

"मग आज गेली का?" तिनं विचारलं.

"नाही."

 ओलं ताट माझ्या डाव्या हातात देत ती म्हणाली, "बरं. मग पुढच्या महिन्यालाही मीच भरवते."

असं बोलायला हिला कुणी शिकवलं, ह्याचाच मला तेव्हा सगळ्यांत जास्त हेवा वाटला.